हॅलोरन नदीचे चार इंच

मंगळवार, ८ जुलै १९६९. कार्मोडी.

पोचलो. साडेचारशे मैल, तीन दिवस. डावा गुडघा अजून क्लच दाबतोच आहे असं वाटतंय. हॉटेलात जेवायला मटण आणि उकडून पांढरा पडलेला कोबी. खोलीची खिडकी बंद होत नाही, आणि इथे जुलै म्हणजे भर हिवाळा, थंडी हाडांत शिरते.

ही माझी शेवटची फेरी. मार्चमध्ये निवृत्ती. निघताना व्हेन म्हणाला, "पॅस्को, सोपं काम आहे. सहल समजा." व्हेन माझ्याहून अठरा वर्षांनी लहान आणि माझा साहेब. त्याला सगळंच सोपं वाटतं.

काम असं : जुना नकाशा आता नव्यानं छापायचा आहे. त्यावरच्या प्रत्येक नावासाठी एक फॉर्म. तिथल्या दोन जमीनधारकांनी सही करायची, की होय, आम्ही याला हेच म्हणतो. टेकड्या, डोह, विहिरी धरून माझ्या वाट्याला एकसष्ट नावं. नदी एकच, हॅलोरन.

तक्ता क्रमांक सात. याची मोजणी प्रिचर्डनं केली आणि अडतीस साली तो शाईनं गिरवला मी. मंत्री आमची नकाशा-कचेरी बघायला येणार होते म्हणून घाई होती. शुक्रवारी दुपारी तेव्हाचे प्रमुख आल्डस साहेब यांनी तो भिंतीवर टाचला, चार पावलं मागे गेले आणि म्हणाले, "आता कशी नदी वाटते!" मी सव्वीस वर्षांचा होतो. उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात माझी आद्याक्षरं आहेत. अजूनही दिसली की बरं वाटतं.

बुधवार, ९ जुलै

इथल्या कौन्सिलचा अध्यक्ष रॉय बंटिंग. गावातलं एकमेव दुकान त्याचंच. सगळ्या गावाशी तो गिऱ्हाइकासारखंच बोलतो.

"अहो पॅस्को, नदीच्या फॉर्मवर पहिली सही माझी!" म्हणत त्यानं सही ठोकली. मग मागच्या खोलीत नेऊन गोणपाटाखालचा दगड दाखवला. सप्टेंबरात शोधप्रवासी हॅलोरनच्या सफरीची शताब्दी आहे. कोरीव अक्षरं : 'हॅलोरन या नदीच्या उगमापासून शेवटापर्यंत गेला, १८६९.'

"खरंच गेला होता का तो शेवटापर्यंत?" मी सहज विचारलं.

"दगडावर कोरलंय म्हणजे गेला होता," बंटिंग म्हणाला.

दुसरी सही लँगली रन या गुरांच्या मोठ्या कुरणाच्या मालकिणीची घ्यायला हवी. नदीचा मधला सगळा पट्टा तिच्या जमिनीत येतो. नाव डोरीन कॅटलवेल. नाव ओळखीचं निघालं. आमच्या कचेरीत दर जानेवारीला तिचं एक पत्र येतं. नावांचा विभाग माझ्याकडे असल्यामुळे ते माझ्याच टेबलावर येतं. 'नकाशा चुकीचा आहे, दुरुस्त करा.' मी छापील पोच पाठवतो. अशी पत्रं बरीच येतात. लोकांना रिकामा वेळ असतो.

शुक्रवार, ११ जुलै

लँगली रन. पत्र्याचं घर, व्हरांडा स्वच्छ झाडलेला. मिस कॅटलवेल पन्नाशीला टेकलेली असेल. केस पुरुषासारखे कापलेले. माझं कार्ड तिनं बराच वेळ बघितलं.

"सी. पॅस्को. सी म्हणजे?"

"क्लाइव्ह."

"क्लाइव्ह," ती म्हणाली. "बसा. प्रवास लांबचा झाला असेल. चहा घ्या."

चहा घेतला, गार मटणाचे काप घेतले. ती समोर बसून माझ्याकडे बघत राहिली. कशाची तरी वाट बघत असावी, पण कशाची ते मला कळेना. एकट्या राहणाऱ्या माणसांचं असं होतं. मी फॉर्म पुढे केला. तिनं वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"ही एक नदी नाहीच. वरची हॅलोरन माझ्या तिसऱ्या कुंपणापाशी मातीत जिरते. खालची बत्तीस मैलांवर सुरू होते. तिला पाणी दक्षिणेकडून येतं, दुसऱ्याच ओढ्याचं. मध्ये काही नाही."

मी म्हटलं, प्रिचर्ड फार काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता.

"असेल," ती म्हणाली. मग तिनं भावाचं सांगितलं. पत्रांत ते कधीच नव्हतं, किंवा मी तिथवर वाचलं नसेल. ही भावंडं एकोणपन्नास साली समुद्रकाठाहून इथे आली. एकावन्नच्या जानेवारीत, भर उन्हाळ्यात, लेसची मोटार मधल्या सपाटीवर मोडली, चाकाचा आस तुटला. सोबत पाणी एका वेळेपुरतं. नकाशावर नदी तीन मैलांवर दाखवलेली. तो चालत निघाला. अकरा दिवसांनी सापडला.

"मोटारीपाशी थांबायला हवं होतं," मी म्हटलं. या बाजूला सगळे हेच म्हणतात.

"हो. सगळे हेच म्हणतात." तिनं कप उचलले. "माझ्या गुराख्याला, डिनी कोबर्नला घेऊन जा आणि बघून या. मग सहीचं बोलू."

शनिवार, १२ जुलै

गुडघा सुजला. बंटिंग म्हणतो, "सोडा हो ती बाई! बारमध्ये बसा, ग्लास संपायच्या आत दहा सह्या आणून देतो." नियमात ते बसतं. कुणीही दोन जमीनधारक चालतात. दहा सह्या असतील तर मला परवाच घरी निघता येईल. बायकोचं, म्युरियलचं, पत्र आलंय, नव्या घराला पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे म्हणून विचारते.

तरी डिनीला निरोप धाडला. का, ते सांगता येत नाही.

गुरुवार, १७ जुलै

दोन दिवस त्या सपाटीवर होतो. आज परतलो. अंगात त्राण नाही, पण आज लिहिलं नाही तर राहून जाईल.

डिनी कोबर्न लँगली रनवर पस्तीस वर्षं गुरं राखतोय. त्याचे लोक इथले मूळचे, गोऱ्यांच्याही आधीचे. मंगळवारी गाडीत बसल्या बसल्या त्यानं माझा तक्ता मांडीवर उघडला आणि बोटानं निळी रेघ दाबून बघितली.

"काय बघतोयस?"

"ओली आहे का बघतो, नकाशेवाले."

वरच्या नदीचे शेवटचे डोह त्यानं एकेक करून दाखवले. प्रत्येकाचं नाव सांगितलं, आणि कुठला कधी आटतो, कुठल्यात मासे असतात, तेही. माझ्या तक्त्यावर त्यांतले दोनच डोह आहेत, आणि त्यांची नावंही बंटिंगच्या आजोबांनी ठेवलेली. मी लिहून घेत होतो. मग विचारलं, सगळ्या नदीला तुम्ही काय म्हणता?

"सगळ्या म्हणजे? डोहाला नाव असतं. नदी ही एका डोहाकडून दुसऱ्याकडे जायची वाट. वाट संपली की संपली."

शेवटच्या डोहानंतर पात्राला फाटे फुटतात. एकाचे पाच, पाचाचे वीस. आधी गुडघाभर खोल, मग घोट्याएवढे, मग गाडीला नुसता हिसका बसण्यापुरते. मग काटक्यांसारखी करडी झुडपं. तीही विरळ होतात, आणि पुढे फक्त भेगाळलेली राखाडी माती, आकाशाला टेकेपर्यंत. मी होकायंत्र धरून निळ्या रेघेवरच गाडी चालवायला सांगितली. मीटरनं सव्वीस मैल दाखवले. कुठे तळहाताएवढीही ओल नाही. एक पक्षी नाही.

"पुरात तरी पाणी येत असेल," मी म्हटलं.

"छप्पनला आलं होतं. पण उत्तरेकडे वळून गेलं. त्याला तुमचा कागद दाखवायचा राहिला."

मी हसलो. तो हसला नाही. पुढे एका जागी त्यानं गाडी थांबवायला लावली. जागा म्हणजे काय, चारही बाजूंना सारखीच माती. लेसला शोधणाऱ्यांत पुढे डिनी होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"इथवर सरळ आला होता," तो म्हणाला. "मोटारीपासून तीन मैल, सुतानं आखल्यासारखा. इथे थांबला. पावलं इथे गोल गोल फिरली आहेत, पाच-सहा वेळा. नदी इथेच असायला पाहिजे होती ना! मग त्याला वाटलं असेल, आपणच चुकलो. म्हणून पश्चिमेला गेला."

मी तक्ता काढून बघितलं. आम्ही बरोबर रेघेवर उभे होतो.

"या सपाटीला तुमच्यात नाव काय?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"नाव ठेवायला इथे थांबतंय कोण?"

प्रिचर्ड इतका कसा चुकला, हेच कळत नाही. खरं म्हणजे प्रिचर्डनं असं करायला नको होतं.

सोमवार, २१ जुलै

कचेरीला तार केली. प्रिचर्डची छत्तीस सालची मोजणी-वही काढून या बत्तीस मैलांबद्दल काय लिहिलंय ते कळवा. तार करायला चार दिवस घेतले. गुडघ्यामुळे.

आज माणूस चंद्रावर उतरला. सगळं गाव बारमधल्या रेडिओभोवती. डिनी दाराबाहेरच्या बाकावर बसून ऐकत होता.

"तिथे समुद्र आहेत म्हणे," तो म्हणाला. "नावं ठेवलेले. आणि पाणी एक थेंब नाही. तुमच्याच कचेरीचं काम दिसतंय."

आतले सगळे खो खो हसले. बंटिंगनं मला ग्लास भरून दिला. तो तसाच ठेवून खोलीवर आलो.

गुरुवार, २४ जुलै

व्हेनची तार. जशीच्या तशी : 'वही पाहिली. प्रिचर्ड दोन्ही टोकांपर्यंत गेला. मधला भाग पेन्सिलीचे ठिपके. शेरा : पाहिलेला नाही. गिरवणारे तुम्ही. जुनं प्रकरण उकरू नका. सह्या घ्या, परत या.'

वर आठ तारखेला लिहिलंय की मोजणी प्रिचर्डनं केली आणि तक्ता मी गिरवला. ते खोटं नाही. सतराला लिहिलंय की तो इतका कसा चुकला कळत नाही. ते खोटं आहे. ठिपके मला आठवत होते. आठवत नव्हते असं लिहायला आज पेन उचललं होतं. बारीक, एकसारखे ठिपके, आणि बाजूला त्याच्या तिरक्या अक्षरातला शेरा. इतक्या सुंदर तक्त्याच्या मधोमध ते भोक पडल्यासारखं दिसत होतं. वर नदी, खाली नदी, दोघींचं तोंड एकमेकींकडे. कुणीही जोडली असती.

जोडली मी. वळणंसुद्धा दिली, खरी वाटावी म्हणून.

शनिवार, २६ जुलै

सकाळी लँगली रनला गेलो. दारातच टोपी काढून म्हटलं, "मिस कॅटलवेल, तो तक्ता मी गिरवला होता. मधली रेघ माझी आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आत या, वारं येतंय."

तिनं बिस्किटांचा डबा आणला. त्यात माझ्या छापील पोचा, अठरा. प्रत्येकीखाली सी. पी. आणि त्यांच्याखाली घडी घातलेला नकाशा, लेसजवळ सापडलेला. कोपऱ्यातल्या आद्याक्षरांभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. दोन्हीकडचा 'पी' एकाच हाताचा आहे, हे तिनं पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

"त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही दारातच सांगाल. मग वाटलं, चहा झाल्यावर सांगाल."

मी पोचा उचलून पुन्हा डब्यात ठेवल्या.

"का केलंत?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. वस्तूचा भाव विचारावा तसा.

"ठिपके वाईट दिसत होते. मंत्री येणार होते."

"आले?"

"नाही. आजारी पडले."

ती उठून खिडकीपाशी गेली. ती लावून परत आली. मग डब्यातून आणखी एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. बिलाच्या पावतीची मागची बाजू, वर पेन्सिलीनं लिहिलेलं. मोटारीच्या काचेला लावलेला सापडला होता. 'नदीकडे जातोय. तीन मैल. काळजी नको. लेस.'

"माफी मागायची असेल तर मागू नका," ती म्हणाली. "तिचं मी काय करू? ती रेघ काढा."

सोमवार, २८ जुलै

बंटिंगला सांगितलं. तो आधी हसला, मग दार लावून घेतलं.

"पॅस्को, अहो, मध्येच तोडलीत तर खालची नदी हॅलोरन राहील का? आपलं गाव खालच्या नदीवर आहे! तो दगड मी कुठे उभा करू, घराच्या परसात?"

मी टोपी उचलली. मग त्यानं लहान मुलाला समजावतात तसा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे बघा. नदी एकच राहू द्या. हवं तर मध्ये पुन्हा तुमचे ते ठिपके घाला. आणि त्या सपाटीला लेसचं नाव द्या. 'कॅटलवेल सपाटी.' मी स्वतः कौन्सिलात ठराव मांडतो. बाईलाही बरं वाटेल. मेलेल्या माणसाला याहून काय द्यायचं?"

वाईट सूचना नाही. आमच्याकडे असं करतातच. निम्म्या टेकड्यांना बुडालेल्या, पडलेल्या, युद्धावरून न आलेल्या माणसांची नावं आहेत. मीच कितीतरी फॉर्म भरलेत. लोक रडतात, हात हातात घेतात. व्हेनलाही हे चालेल. मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला लिहू. चांगली झोप लागली.

गुरुवार, ३१ जुलै

बंटिंगची सूचना घेऊन गेलो. डिनी व्हरांड्याच्या पायरीवर लगाम शिवत बसला होता. मिस कॅटलवेलनं पूर्ण ऐकून घेतलं.

"त्याचं नाव? तिथे?"

"एक मान म्हणून—"

"नावाच्या जागी माणसं जातात, मिस्टर पॅस्को. नाव दिसलं की वाटतं, तिथे काहीतरी असणार. घर असेल, विहीर असेल, निदान कुणी येऊन गेलं असेल. उद्या कुणाची तरी मोटार मोडेल आणि तो लेसच्या नावाकडे चालत निघेल." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "माझ्या भावाकडून हे काम करून घेऊ नका."

डिनीनं लगाम खाली ठेवला.

"मग लिहू काय तिथे?" मी विचारलं.

"काही नाही. कोरं ठेवा."

नकाशे काढणाऱ्याला कोरी जागा सांगणं म्हणजे गवंड्याला भिंतीत भोक ठेवायला सांगणं. पण मी मान हलवली. फॉर्म नवा घेतला. वरची ती हॅलोरन. खालचीचं नाव बदलायला हवं, तो रकाना तूर्त मोकळा. सह्या दोन. पहिली तिनं केली. दुसरी कुणाची? बंटिंग करणार नाही आणि त्याच्या बारमधलं कुणीच करणार नाही. मी फॉर्म पायरीवर नेला.

"मी जमीनधारक नाही, नकाशेवाले," डिनी म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी मतदान होऊन जनगणनेत आमचीही माणसांत मोजणी करायचं ठरलं एवढंच ऐकलंय. सहीचं अजून कुणी बोललं नाही."

"तू ती जागा चालून बघितली आहेस. मी नव्हती बघितली, तरी माझी सही तीस वर्षं चालली."

त्यानं हात पुसले आणि सावकाश सही केली. शाळकरी, गोल अक्षर. फॉर्म परत येईल याची मला खात्री आहे. आला तर पुन्हा पाठवीन. मार्चपर्यंत मी तिथेच आहे.

शुक्रवार, १ ऑगस्ट

'बदलाचं कारण' या रकान्यात लिहिलं : 'या बत्तीस मैलांत नदी नाही. १९३८ साली ती मी काढली.' खाली पूर्ण नाव. आमच्या फॉर्मवर असं कुणी लिहीत नाही.

दुपारी जाताना लँगली रनवर थांबलो. सुधारलेली प्रत तिला दाखवायची होती. माझ्या तक्त्यावरची रेघ मी दाढीच्या पात्यानं खरवडून काढली होती. बत्तीस मैल म्हणजे चार इंच. अर्धा तास लागला, कागद थोडा झिजलाही. ओढायला तेव्हा पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

तिनं तक्ता टेबलावर पसरला आणि चष्मा लावला. लेसची मोटार मोडली होती ती जागा तिला शोधावी लागली नाही. तिथे बोट ठेवून ती खाली बघत राहिली, त्या झिजलेल्या, पांढऱ्या जागेकडे. बोट हललं नाही.

"आता तो थांबला असता," ती म्हणाली.

मी गाडीत येऊन बसलो. किल्ली फिरवायला बराच वेळ लागला.